व्हिएन्नाचं हॉटेल झाखर: केकचं सांगतो, पण आधी आनाबाई

मागच्या अंकात व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराबद्दल लिहिताना जाता जाता त्याच्या पाठीमागच्या हॉटेल झाखरचं नाव घेतलं, तर ऑपेरा राहिला बाजूला आणि पत्रं सगळी त्या हॉटेलवरच आली. त्यातली निम्मी तर नुसती तिथल्या केकवर, म्हणजे झाखर टोर्ट या चॉकलेटच्या केकवर. ठीक आहे, केकचं सांगतोच, पण माझं मत आधीच सांगून टाकतो, हे हॉटेल केकमुळे मोठं झालं असं मला वाटत नाही, ते एका बाईमुळे झालं. आणि तिच्याबद्दल मात्र एकाच पत्रात विचारलंय!

प्रश्न: हॉटेल झाखर आधी कुणाचा राजवाडा होता का? बाहेरून तरी तसंच वाटतं.

नाही हो. राजवाड्याचं हॉटेल झालं ते इम्पीरियल, तिथून चालत काही मिनिटांवर, रिंगस्ट्रास म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या गोल रस्त्यावर. वुर्टेम्बर्गच्या ड्यूक फिलिपनं ते स्वतःला राहायला बांधलं होतं आणि १८७३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याचं हॉटेल झालं. झाखर पहिल्या दिवसापासून धंद्यासाठीच बांधलेलं, आणि बांधणारा कोण, तर एका आचाऱ्याचा मुलगा, एडुआर्ड झाखर. १८७६ साली. सुरुवातीला त्यानं आपलं आडनाव दिलंच नव्हतं, ‘ओतेल द लोपेरा’, म्हणजे ऑपेराचं हॉटेल, असं फ्रेंच नाव ठेवलं होतं, तेव्हा भारी काही दाखवायचं म्हणजे फ्रेंचच लागायचं.

एडुआर्डची हिंमत मात्र मानली पाहिजे, कारण तीनच वर्षांपूर्वी, ९ मे १८७३ ला, व्हिएन्नाचा शेअर बाजार असा आपटला होता की प्रदर्शनासाठी आलेला सगळा पैसा आणि उत्साह वाहून गेला होता, आणि हा गडी त्यानंतर नवीन हॉटेल काढतोय.

जागेचं म्हणाल तर ती कुठल्याही राजवाड्यापेक्षा भारी आहे. १८५७ च्या डिसेंबरमध्ये सम्राट फ्रांझ योझेफनं शहराभोवतीची तटबंदी पाडायचा हुकूम काढला, तिच्या जागी रिंगस्ट्रास झाला, १८६९ ला त्यावर नवीन ऑपेरा उघडला, आणि मग जुन्या केर्न्टनरटोर थिएटरची गरजच संपली, ते पाडलं. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर हे हॉटेल उभं आहे. आणि ते थिएटर साधंसुधं नव्हतं, ७ मे १८२४ ला बेथोव्हेनची नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली ती तिथेच. त्याला तोवर काहीच ऐकू येत नव्हतं, टाळ्यांचा कडकडाट चाललाय हे त्याला कळावं म्हणून गायिका कारोलिने उंगरनं त्याला धरून लोकांकडे वळवलं असं सांगतात. त्याच्याही आधी, १७४१ मध्ये, याच जागेवरच्या एका घरात संगीतकार विवाल्डी भाड्यानं राहत होता आणि तिथेच वारला, जवळ पैसा न उरलेल्या अवस्थेत. त्याच्या नावाची पाटी हॉटेलच्या भिंतीवर आहे. लोक केकच्या रांगेत उभे असतात आणि त्या पाटीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

प्रश्न: सोळा वर्षांच्या पोरानं हा केक बनवला म्हणे, खरंय का ही गोष्ट?

गोष्ट अशी की १८३२ मध्ये ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिख याच्याकडे खास पाहुणे होते, मुख्य आचारी आजारी पडला आणि नवीन गोड पदार्थाची जबाबदारी सोळा वर्षांच्या शिकाऊ फ्रांझ झाखरवर आली. हाच तो एडुआर्डचा बाप. हॉटेलवाले ही गोष्ट अगदी प्रेमानं सांगतात. काही अभ्यासकांना ती पटत नाही, त्यांचं म्हणणं केक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जमला असावा. मला विचाराल तर १८३२ चं वर्ष जाहिरातीला फार सोयीचं आहे, एवढंच म्हणेन. फ्रांझ खरा, त्याचं आचारीपण खरं, पुढे व्हिएन्नात त्यानं वाइन आणि खाण्यापिण्याच्या उंची जिनसांचं दुकान काढलं तेही खरं.

प्रश्न: हॉटेलच्या जुन्या फोटोत एक जाडजूड बाई दिसते, हातात सिगार आणि पायाशी छोटे बुलडॉग. ही कोण? मालकीण का?

आलात बघा मुद्द्यावर. ही आना झाखर. माहेरची आना फुक्स, लेओपोल्डश्टाट भागातल्या एका खाटकाची मुलगी, जन्म १८५९ चा. १८८० ला एडुआर्डशी लग्न झालं, १८९२ ला एडुआर्ड गेला, तेव्हा ही तेहेतीस वर्षांची, पदरात मुलं आणि डोक्यावर अख्खं हॉटेल. त्या काळात बाईनं एकटीनं एवढा कारभार हाकायचा म्हणजे काय ते समजून घ्या. तिनं तो जवळपास चाळीस वर्षं हाकला. सिगार सगळ्यांसमोर ओढायची, फ्रेंच बुलडॉग पाळायची, त्यांची पैदासही करायची, लोक त्या कुत्र्यांना ‘झाखर-बुली’च म्हणायचे, आणि आत कोण येणार, कोण नाही, हे ती ठरवायची. पैसा असून उपयोग नाही, बाईंच्या मनात भरलं पाहिजे!

आता तिनं केलं काय नेमकं? तर तिला एक गोष्ट बरोबर कळली होती की मोठ्या लोकांना गादी आणि झुंबरं घरी असतातच, त्यांना हवी असते अशी जागा जिथे आपलं गुपित बाहेर जाणार नाही. हॉटेलात छोट्या छोट्या खासगी खोल्या होत्या, सेपारे म्हणायचे त्यांना, आत जेवणाचं टेबल आणि दार बंद. आर्चड्यूक म्हणजे सम्राटाच्या घराण्यातले राजपुत्र, सेनाधिकारी, मंत्री, बँकवाले तिथे यायचे, कुणी राजकारण करायला, कुणी ऑपेरातल्या नर्तकीला घेऊन. युवराज फ्रांझ फर्डिनांडचा धाकटा भाऊ आर्चड्यूक ओटो एकदा अंगावर तलवारीशिवाय काहीही नसताना तिथल्या पाहुण्यांसमोर आला होता, असा किस्सा तर सगळ्या व्हिएन्नाला पाठ आहे. आनाबाईंनी यातलं किती पाहिलं आणि किती ऐकलं देव जाणे, पण त्यांच्या तोंडून काही बाहेर पडलं नाही आणि त्यावरच धंदा चालला.

जेवणाचंही एक कारण सांगतात. सम्राट फ्रांझ योझेफ भरभर जेवायचा, त्याला आधी वाढायचे, आणि त्यानं काटाचमचा खाली ठेवला की सगळ्यांच्या प्लेटा उचलल्या जायच्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्यांचा घास तोंडात जायच्या आत जेवण संपलेलं. मग ही उपाशी मंडळी हॉफबुर्गमधून, म्हणजे सम्राटाच्या राजवाड्यातून, निघायची ती थेट झाखरमध्ये, टाफेलश्पिट्झ म्हणजे उकडलेलं बीफ खायला. थोडं मीठमसाला लावलेलं असेलही, पण राजवाडा हॉटेलपासून किती जवळ आहे ते पाहिलं की पटतं.

आणि तो टेबलक्लॉथ! आनाबाई मोठ्या पाहुण्यांच्या सह्या कापडावर घ्यायच्या आणि मग त्या सह्यांवर सुईदोऱ्यानं भरतकाम करायच्या. मधोमध खुद्द सम्राटाची सही. हॉटेलात तो जपून ठेवलाय. मला विचाराल तर हॉटेलच्या सगळ्या उंची वस्तूंमध्ये हीच एक बघण्यासारखी.

पुढचं मात्र वाईट आहे. १९१८ ला साम्राज्य कोसळलं, १९१९ च्या एप्रिलमध्ये कायदाच करून सरदारक्या आणि उमरावकी दाखवणारे आडनावाआधीचे ‘फॉन’ रद्द केले, आणि आनाबाईंचं गिऱ्हाईक एका रात्रीत कंगाल झालं. व्यवहारी माणसानं काय केलं असतं, नव्या पैसेवाल्यांना आत घेतलं असतं. बाईंनी ते केलं नाही. जुन्या उमरावांना उधारीवर जेवू घालत राहिल्या, नव्या श्रीमंतांना भाव दिला नाही, आणि उधारी वसूल काही होईना. १९३० ला त्या गेल्या, १९३४ ला हॉटेलचं दिवाळं निघालं. काही लोक याला मूर्खपणा म्हणतात. धंद्याच्या हिशेबानं आहेच. पण ज्यांच्या जिवावर चाळीस वर्षं नाव कमावलं त्यांना पडत्या काळात दारातून हाकलायचं नाही असं कुणी ठरवलं तर मी तरी हसणार नाही.

प्रश्न: व्हिएन्नात दोन ठिकाणी ‘खरा’ झाखर टोर्ट मिळतो असं ऐकलं. एक हॉटेलात आणि एक डेमेलमध्ये. नक्की खरा कुठला?

ह्यावर कोर्टात वर्षानुवर्षं डोकं फुटलंय लोकांचं, मी कोण सांगणार, पण भानगड सांगतो. एडुआर्ड तरुणपणी डेमेलमध्येच मिठाईकाम शिकला. डेमेल म्हणजे कोलमार्क्टवरचं, हॉफबुर्गच्या दाराशी असलेलं शाही मिठाईवाल्यांचं दुकान, त्याची सुरुवात १७८६ ची, म्हणजे हॉटेलपेक्षा किती तरी जुनं. पुढे हॉटेलचं दिवाळं निघाल्यावर आनाबाईंचा मुलगा, त्याचंही नाव एडुआर्डच, डेमेलकडे गेला आणि ‘एडुआर्ड झाखर टोर्ट’ विकायचा हक्क त्यानं त्यांना दिला. इकडे हॉटेलच्या नव्या मालकांनी १९३८ मध्ये ‘ओरिजिनल झाखर टोर्ट’ म्हणून विक्री सुरू केली. म्हणजे बघा, एकाकडे वारस आणि दुसऱ्याकडे वाडा. भांडण होणारच.

मध्ये महायुद्ध आलं म्हणून थांबलं, पण १९५४ ला पुन्हा कोर्टबाजी सुरू झाली ती थेट १९६३ पर्यंत. वाद कशावर, तर केक मधून कापून आत जॅमचा थर द्यायचा की नाही, बटर वापरायचं की मार्जरिन, आणि ‘ओरिजिनल’ कुणी म्हणायचं. लेखक फ्रीडरिख टोरबेर्ग दोन्हीकडे नेहमी जाणारा, त्याची साक्ष काढली, आणि त्यानं सांगितलं की आनाबाईंच्या हयातीत केक मधून कधी कापला जात नव्हता. म्हणजे साक्ष गेली डेमेलच्या बाजूनं! शेवटी कोर्टाबाहेर तडजोड झाली: ‘ओरिजिनल’ हा शब्द आणि गोल शिक्का हॉटेलचा, डेमेलचा त्रिकोणी शिक्का आणि एडुआर्डचं नाव.

आजही फरक तोच आहे. हॉटेलच्या केकमध्ये जर्दाळूच्या जॅमचे दोन थर, एक मधोमध आणि एक वरच्या चॉकलेटखाली. डेमेलच्यात एकच, चॉकलेटखाली. मला स्वतःला हॉटेलचा जास्त आवडतो कारण मधल्या जॅमनं तो कमी कोरडा लागतो, पण इतिहासाचा हट्ट धरणाऱ्यानं डेमेलला जावं.

प्रश्न: केक कोरडा लागतो अशी तक्रार वाचली. आणि त्यात अंडं असतं का? घरी आणता येतो का?

अंडं असतं आणि भरपूर असतं, केक फुगतो तोच फेटलेल्या अंड्यांवर, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी नाद सोडावा. बाकी डार्क चॉकलेट, बटर, साखर, मैदा. पक्की कृती हॉटेल कुणाला सांगत नाही. कोरडा आहेच थोडा, म्हणून तर सोबत फेटलेल्या क्रीमचा ढीग येतो, आणि तो मुद्दाम बिनसाखरेचा असतो. बरेच जण क्रीम बाजूला सारून नुसता केक खातात आणि मग नावं ठेवतात, प्रत्येक घासाला क्रीम लावून खायचा असतो तो.

आणायला सोपा, अख्खा घेतला तर लाकडी पेटीत मिळतो, वर ताजं क्रीम वगैरे काही नसल्यानं बरेच दिवस टिकतो. थंड जागी ठेवा पण फ्रिजमध्ये नको, चॉकलेटला घाम सुटतो.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात हॉटेलला काही झालं नाही का?

समोर बघा आधी. १२ मार्च १९४५ ला बॉम्बहल्ल्यात ऑपेरा जळाला, प्रेक्षागृह आणि रंगमंच खलास, पुढचा दर्शनी भाग तेवढा राहिला. हॉटेल त्या मानानं वाचलं. एप्रिलमध्ये सोव्हिएत फौजा शहरात शिरल्या, मग शहराचे चार वाटे झाले, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत, मधला जुना भाग चौघांच्या सामाईक ताब्यात, आणि झाखर गेलं ब्रिटिशांकडे, त्यांचे अधिकारी तिथे राहायचे. म्हणजे ज्या घरात आनाबाई आर्चड्यूकलासुद्धा तोंड बघून आत घ्यायच्या तिथे परक्या सैन्याचे बूट. व्हिएन्नाच्या लोकांना काही वर्षं तिथे पाय ठेवता येत नव्हता.

१५ मे १९५५ ला करार होऊन देश मोकळा झाला आणि ५ नोव्हेंबरला ऑपेरा पुन्हा उघडला तो बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’नं. तुरुंगातून सुटकेची गोष्ट, म्हणून निवड योग्यच, पण अजून एक योगायोग आहे, या ऑपेराचं आज वाजतं ते शेवटचं रूप १८१४ मध्ये पहिल्यांदा झालं होतं ते जुन्या केर्न्टनरटोर थिएटरात, म्हणजे आज जिथे हॉटेल आहे तिथेच!

प्रश्न: जॉन लेननचा आणि या हॉटेलचा काय संबंध?

३१ मार्च १९६९ ला बीटल्सच्या या गायकानं आणि त्याची बायको योको ओनोनं इथे पत्रकार परिषद घेतली, दोघंही एका पांढऱ्या पोत्यात शिरून. पत्रकार विचारतायत, आतून उत्तरं येतायत, चेहरा कुणाचा दिसत नाही. माणसाला त्याच्या दिसण्यावरून जोखू नका असा त्यांचा मुद्दा. ज्या हॉटेलात पन्नास वर्षांपूर्वी माणूस बघूनच आत सोडायचे तिथे हे व्हावं, मला तर ही जागेची निवड भारीच वाटते, मुद्दाम केली असेल किंवा नसेल.

प्रश्न: राहणं परवडणार नाही. नुसतं आत जाऊन बघता येईल का? कपडे कसे लागतात, वेटर हाकलतात का?

कुणी हाकलत नाही हो, उलट हॉटेलची कमाई तुमच्यासारख्यांवर आणि आमच्यासारख्यांवर पण आहे. वर्षाला तीन लाखांच्या वर केक विकतात ते लोक. कॅफेला वेगळं दार आहे, साध्या नीट कपड्यांत जा. दुपारी मात्र रांग फुटपाथवर असते, सकाळी लवकर गेलात तर बरं. रांग नको असेल तर केर्न्टनर स्ट्रासच्या कोपऱ्यावर त्यांचंच दुकान आहे, तिथून घ्या आणि पाठीमागे आल्बर्टिना म्युझियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसा, ऑपेरा समोर दिसतो आणि पैसे फक्त केकचे.

आत बसलात तर कॉफी ‘मेलांज’ मागा, दुधाची असते, वर फेस. ‘आइनश्पेनर’ म्हणजे ग्लासात काळी कॉफी आणि वर क्रीमचा डोंगर, पण केकसोबत आधीच क्रीम येतंय तेव्हा दोन्ही नको. कॉफीबरोबर पाण्याचा छोटा ग्लास येतो, त्याचे पैसे नाहीत. वेटरला ‘हेर ओबर’ म्हणायचं, चुटकी वाजवायची नाही. बिल देताना टिप टेबलावर ठेवून निघायची पद्धत तिथे नाही, अठरा युरो झाले असतील तर कार्ड किंवा नोट पुढे करताना ‘वीस’ म्हणायचं, संपलं. पाच ते दहा टक्के पुरतात. आणि तिथले वेटर जरा तिरसट असतात, ते तुमच्यावर चिडलेले नसतात, ती त्यांची शैली आहे, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली.

व्हिएन्नाची जुनी कॅफे कशी असतात, एका कॉफीवर तासभर पेपर वाचत बसायचं, ते अनुभवायचं असेल तर खरं सांगू का, झाखर त्यासाठी नाही, बाहेरची रांग बघून आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. त्यासाठी डोरोटेअरगासेमधलं हावेल्का बघा, १९३९ चं, जवळच आहे, अंधारं आणि जुनाट, पण कुणी उठवत नाही.

प्रश्न: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं एक रात्र झाखरमध्ये राहायचा विचार करतोय. पैसे वसूल होतील का?

आधी अभिनंदन! आता रोखठोक. पाचशे युरोच्या खाली खोली मिळाली तर नशीब समजा, बऱ्याचदा त्याच्या कितीतरी वर जाते. नुसतं झोपायला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहर बघत फिरायला असेल तर नका राहू, लाल मखमल आणि जुनी चित्रं अर्ध्या तासात बघून होतात. पण त्याच रात्री समोरच्या ऑपेराचं तिकीट असेल तर गोष्ट वेगळी. खोलीत तयार व्हायचं, रस्ता ओलांडायचा, खेळ बघायचा, परत येऊन बारमध्ये बसायचं, टॅक्सी नाही की ट्राम नाही, आणि आजूबाजूच्या टेबलांवर पण ऑपेरातूनच आलेले लोक, सगळ्यांचं बोलणं त्या दिवशीच्या गायिकेवर. हे दुसऱ्या हॉटेलात मिळत नाही, आणि एडुआर्डनं ते फ्रेंच नाव ठेवताना नेमकं हेच डोक्यात धरलं असणार.

पैशाची ओढाताण होत असेल तर उलटं करा: साध्या हॉटेलात राहा, ऑपेराला उभ्यानं बघायची स्वस्त तिकिटं असतात ती काढा, आत गेल्यावर समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधून आपली जागा धरायची, तशी तिथली रीतच आहे, आणि खेळ संपल्यावर रस्ता ओलांडून झाखरच्या बारमध्ये एकेक ग्लास वाइन घ्या. पंचवीस वर्षं एकत्र काढलेल्यांना तीन तास उभं राहणं जड जाणार असेल तर मात्र बसायचीच तिकिटं काढा, तिथे कंजुषी नको.

फक्त तारीख बघून ठरवा. ॲश वेन्सडे, म्हणजे ख्रिश्चनांच्या ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस, त्याच्या आधीच्या गुरुवारी तिथे ऑपेरा बॉल असतो, अख्खं प्रेक्षागृह नाचाचा हॉल होतं आणि आजूबाजूची सगळी मोठी हॉटेलं आधीच भरलेली असतात, त्या आठवड्यात खोली मागायला जाऊच नका.